माफी मागत फिरणारे सर

सरांनी माझी माफी मागितली तेव्हा त्यांची-माझी ओळख जेमतेम तीन आठवड्यांची होती. मी दारात चपला काढत होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, डोक्यावर पांढरी विणलेली टोपी अशा वेशात सर उंबऱ्याच्या आत उभे होते आणि त्यांच्या हातात एक कागद होता.

"आत येऊ नका," ते म्हणाले. "आधी एक काम आहे. पहिल्या दिवशी आपण आलात तेव्हा मी मनात म्हणालो, ही मुलगी आठ दिवसांत पळून जाणार. दुसऱ्या आठवड्यात आपण उशिरा आलात. तेव्हा मी आपल्या विदर्भाबद्दल मनात एक वाक्य म्हणालो. ते सांगण्यासारखं नाही. या दोन्हींबद्दल मी आपली माफी मागतो."

 एका पायात चप्पल, एक पाय फरशीवर. मी म्हणाले, "अहो सर, असू द्या ना. मनातच तर म्हटलं."

"'असू द्या' हे उत्तर चालत नाही. माफ केलं किंवा नाही केलं, यातलं एक सांगा."

"केलं."

"कोणतं? दोन आहेत."

"दोन्ही."

त्यांनी खिशातून पेन्सिल काढून कागदावर दोन बारीक खुणा केल्या. "या आता. तिसरा धडा उघडा."

मी यवतमाळची. नोकरीसाठी पुण्यात आले. कंपनीत ज्या कामावर मला टाकलं त्याचं गिऱ्हाईक इस्रायलमधलं होतं. आमचा मॅनेजर एकदा सहज म्हणाला की कोणीतरी थोडी हिब्रू शिकायला पाहिजे. सगळे हसले. मी हसले नाही, कारण मला विनोद उशिरा कळतो. कोथरूडमध्ये मी राहायचे त्या गल्लीतल्या वाण्याच्या दुकानात एक कागद चिकटवलेला होता: 'हिब्रू शिकवली जाईल. फी नाही. भविष्य, तोडगे व परदेशी नोकरी यांच्या चौकशीसाठी येऊ नये.' खाली पत्ता होता. फोन नंबर नव्हता.

सर पेठेतल्या एका शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाले होते. ऐंशीला एक वर्ष कमी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी इस्रायलला लग्न होऊन गेलेली. ती रोज सकाळी फोनवर दिसायची आणि विचारायची, "बाबा, गोळी घेतली का?" सर मराठी ज्यू, बेने इस्रायल. त्यांचे आजोबा-पणजोबा कोकणात तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. हे सर मोठ्या अभिमानाने सांगायचे. सर बोलायचे ती मराठी मात्र पक्की पेठेतली. मी "येऊन राहिले" म्हटलं की ते पुस्तक मिटून विचारायचे, "येऊन कुठे राहिलात? की नुसत्या आलात?"

हिब्रू ते भूमितीसारखी शिकवायचे. प्रत्येक शब्दाच्या पोटात तीन अक्षरं असतात, ते म्हणत, हा त्रिकोण. आधी त्रिकोण काढा, मग बाकीचं. अक्षरं पट्टी लावून काढायला लावत. चुकलं तर खोडू देत नसत. खोडरबर त्या घरात नव्हतंच. चुकीवर एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं, म्हणजे चूकही दिसली पाहिजे. माझी वही त्यामुळे रणांगणासारखी दिसायची.

त्या दिवशी तिसरा धडा झाला नाही. मी विचारलं, "सर, ही माफी कसली?" आणि मग दोन तास त्यावरच गेले.

त्यांच्या नव्या वर्षाचा सण झाला की दहा दिवसांनी किप्पूर येतो, प्रायश्चित्ताचा दिवस. त्या दिवशी कडकडीत उपास. पाणीसुद्धा नाही. सरांच्या लहानपणी गावात याला हिब्रू नाव कुणी म्हणत नसे. म्हणायचे दरफाळणीचा सण, दरवाजे बंद करायचा सण. घराची दारं लावून पांढऱ्या कपड्यांत सगळे आत बसायचे, बाहेरच्याशी बोलणं नाही, शिवणं नाही. दुसऱ्या दिवशी दारं उघडायची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेटायला जायचं. त्या दिवसाचं नाव शिळा सण.

"आणि मधल्या दहा दिवसांत?"

"त्या दिवसांत हे." त्यांनी कागद दाखवला. चाळीसएक नावं होती. "देवाशी केलेली चूक किप्पूरला देव बघतो. माणसाशी केलेली चूक देव बघत नाही. तो म्हणतो, आधी त्या माणसाकडे जाऊन या. तो म्हणाला माफ केलं, तर मग माझ्याकडे बघू. तीन वेळा जायचं. तीनदा नाही म्हणाला तर जबाबदारी त्याची."

मी विचारलं, किप्पूर म्हणजे नक्की काय? नुसता शब्द?

ते एकदम खुलले. त्रिकोण काढला. ती अक्षरं झाकण्याच्याही शब्दात येतात आणि पुसण्याच्याही. नावेला बाहेरून डांबर फासतात, त्या डांबराच्या शब्दातसुद्धा तीच अक्षरं आहेत. विद्वानांची भांडणं आहेत, की प्रायश्चित्त म्हणजे पाप झाकणं की पुसून टाकणं.

"मग काय आहे ते?"

"मला कळलेलं नाही," सर म्हणाले. "आमच्या गच्चीवर गेल्या वर्षी डांबर मारलं. वरून गळायचं थांबलं. पण माझ्या बेडरूमच्या भिंतीला ओल आहेच. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात झाकलं गेलं. मी म्हणतो, पुसलं गेलं नाही."

त्या दहा दिवसांत सर सोसायटीभर फिरायचे, आणि सोसायटीची जी त्रेधा उडायची ती बघण्यासारखी होती. कुणी दारात येऊन सरळ माफी मागतंय याची लोकांना सवयच नव्हती. दूधवाल्याला वाटलं सरांना डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय. तो रडायला लागला. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना सरांनी सांगितलं की तुमच्या मुलीच्या गाण्याला मी तीन वेळा मनात नावं ठेवली, तेव्हा बाई म्हणाल्या, "मीसुद्धा ठेवते हो." सेक्रेटरी दार अर्धंच उघडून म्हणाले, "कशाबद्दल? पाण्याच्या टाकीबद्दल असेल तर लेखी द्या."

सर खरोखर लेखी देऊन आले.

मला गंमत वाटायची आणि थोडी भीतीही. वाटायचं, या माणसाने आयुष्यात केलंय तरी काय, की दर वर्षी चाळीस लोकांच्या दारी जावं लागतं? विदर्भाबद्दल मनात एक वाक्य, गाण्याला नावं. एवढ्याशा पापांसाठी एवढी वणवण?

याचं उत्तर मला पुढच्या वर्षी मिळालं, आणि त्यानंतर माझा गोंधळ वाढला.

तेव्हा सरांचा गुडघा दुखत होता. नव्या वर्षाचा सण झाला होता. त्यांनी मला विचारलं, "आपली स्कूटर धायरीपर्यंत जाते का?" म्हटलं, स्कूटर कुठेही जाते. रविवारी सकाळी ते पांढऱ्या कपड्यांत मागे बसले. सिंहगड रोडला आलो तेव्हा म्हणाले, जरा बाजूला घ्या. एका रसवंतीच्या बाकावर आम्ही बसलो. रस त्यांनी घेतला नाही. मी पीत होते आणि ते समोरच्या रहदारीकडे बघत बोलत होते.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेत शिवराम नावाचा शिपाई होता, धायरीचा. घंटा द्यायचा, पेपर ठेवायच्या कपाटाच्या किल्ल्या सांभाळायचा. वार्षिक परीक्षेच्या दोन दिवस आधी सरांच्या लक्षात आलं की नववीच्या भूमितीच्या पेपरात एक आकृती चुकली आहे. पेपर शाळेबाहेर न्यायचा नाही असा नियम होता. सरांनी पाकीट पिशवीत घालून घरी नेलं. वाटेत शनिवार पेठेत एका दुकानात कंपासपेटी घ्यायला थांबले आणि पाकीट काउंटरवर विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच जाऊन घेतलं. दुकानदार म्हणाला, कुणी हात लावला नाही. परीक्षेच्या दिवशी सर वर्गात फिरत होते, तेव्हा दहा-बारा मुलांनी प्रश्न वाचायच्या आधी आकृती काढायला सुरुवात केली होती.

"मला तिथेच कळलं," सर म्हणाले. "संध्याकाळी हेडमास्तरांनी सगळ्यांना बोलावलं. पेपर फुटला कसा?  तेवढ्यात शिवराम चहाचा ट्रे घेऊन आला. आणि मी विचारलं, कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

मी पेला खाली ठेवला.

"मी खोटं बोललो नाही. मी कुणाचं नाव घेतलं नाही. मी फक्त एक प्रश्न विचारला. सगळ्यांनी ट्रेकडे बघितलं. शिवराम म्हणाला, माझ्याकडे. एवढंच. आठ दिवसांत त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. स्वतःहून सोडली असं दाखवलं."

"आणि तुम्ही?"

"माझी मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती," सर म्हणाले. मग म्हणाले, "हे कारण नाही. मी बऱ्याच वर्षांपूर्वी ठरवलंय की हे कारण म्हणून सांगायचं नाही. तरी सांगतो दर वेळी."

ते याआधी दोनदा धायरीला जाऊन आले होते. दोन्ही वेळा शिवरामने त्यांना बसवलं, चहा पाजला. सर म्हणाले, शिवराम, काही चुकलं असेल तर माफ कर. शिवराम म्हणाला, जाऊ द्या हो सर. सर चहा पिऊन परत आले. घरी आल्यावर त्यांना कळलं की यात माफी झालीच नाही. काय चुकलं ते सांगितलंच नव्हतं. न सांगता मिळालेली माफी कशाची? आज तिसरी वेळ होती आणि आज ते किल्लीचं सांगणार होते.

शिवरामच्या शेताच्या जागी आता सात मजल्यांची इमारत आहे. बिल्डरने त्यांना त्यातच तीन फ्लॅट दिले. दार त्याच्या बायकोने उघडलं. नऊवारी, हातात मोबाइल. तिने सरांना ओळखलं.

"या सर. बसा. तुमाला कुनी कळवलं न्हाई व्हय? ते गेलं की आखाडात."

सर बसले नाहीत. भिंतीवर शिवरामचा फोटो होता, हार घातलेला. सर त्याच्यासमोर उभे राहिले आणि खिशातला कागद काढून त्यांनी परत खिशात ठेवला. असं तीन-चार वेळा केलं. मग म्हणाले, "मी येतो." जिन्यात त्यांनी माझा खांदा धरला. परतताना मी आरशात बघत होते. मागे बसलेला माणूस रडतोय की वाऱ्याने त्याच्या डोळ्यात पाणी आलंय, हे मला कळेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात फोन केला. असं ते कधी करत नसत. "नियम आहे," ते म्हणाले. "माणूस गेला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीवर जायचं, आणि त्यांच्यासमोर मोठ्याने सांगायचं की मी याचा अपराधी आहे."

"सर, पण त्यांची कबर..."

"नाही. तीच अडचण आहे."

मग दोन-तीन दिवस हेच चाललं. सिनेगॉगमध्ये प्रार्थना सांगणारे एक वयस्क काका होते, सरांचे मित्र. सरांनी त्यांना विचारलं, दहनाच्या माणसाची कबर कुठे? काका म्हणाले, पुस्तकात नाही. सरांनी विचारलं, दहा माणसं ज्यूच पाहिजेत का? काका म्हणाले, "पाहिजेत, पण दहा आणणार कुठून? आपल्या प्रार्थनेलाच दहा जमवताना माझी फोनाफोनी होते. निम्मे इस्रायलला, निम्मे ठाण्याला." शेवटी सरांनी ठरवलं, जी मिळतील ती दहा माणसं. मी विचारलं, मी मोजली जाते का? "पूर्वी नसतं मोजलं," ते म्हणाले. "आता निवड करण्याच्या स्थितीत मी नाही."

अशी आमची यादी झाली: काका आणि त्यांच्या पत्नी, दूधवाला, डॉक्टरीणबाई आणि त्यांचे यजमान, सरांच्या शाळेतले भूगोलाचे निवृत्त मास्तर, हिब्रू शिकायला येणारे दोन कॉलेजवाले, मी, आणि दहावे सोसायटीचे सेक्रेटरी. ते म्हणाले, येतो, पण सही करणार नाही.

किप्पूरच्या दोन दिवस आधी आम्ही धायरीला पोचलो. शिवरामच्या बायकोला मी आधी फोन केला होता. नेमकं काय करायचंय हे मला तिला नीट सांगता आलं नव्हतं. ती खाली पार्किंगमध्ये येऊन थांबली होती. सरांनी तिला विचारलं, शिवराम कुठे असायचा? तिने वॉचमनच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "हितं. हितंच हीर व्हती आमची. बुजवली. पर सकाळ झाली की ते हितं यून बसायचे, वॉचमनला उठवून." मग आम्ही त्या खुर्चीभोवती उभे राहिलो, स्कूटर आणि मोटारींच्या मधे. काकांनी मोजलं. नऊ. सेक्रेटरी आले नव्हते. फोन उचलत नव्हते.

"नऊ चालत नाहीत," काका म्हणाले.

तेवढ्यात जिन्यातून एक बाई उतरली. पन्नाशीची, खांद्यावर मापाची टेप, हातात निळ्या कापडाचा गठ्ठा. आमची गर्दी बघून थांबली. काका पुढे होऊन म्हणाले, "ताई, पाच मिनिटं उभ्या राहता का? एक प्रार्थना आहे. माणूस कमी पडतंय." तिने शिवरामच्या बायकोकडे पाहिलं. बायकोने मान हलवली. ती गठ्ठा धरून आमच्यात उभी राहिली.

सरांनी कागद काढला आणि हिब्रूत सुरुवात केली. मला त्यातले शब्द ओळखता येत होते. चुकलो, वाकडा वागलो, बंड केलं. आवाज स्वच्छ होता, वर्गात असायचा तसा. दोन ओळी झाल्या आणि शिवरामची बायको म्हणाली, "सर, मराठीत बोला की. त्येला कुठं कळतंय त्यातलं."

सर थांबले. कागदात मराठी नव्हतं. त्यांनी टोपी नीट केली, खुर्चीकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. दूधवाल्याने उगाच खोकून घेतलं. वर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. हिब्रूतली पापाची पाच नावं मला शिकवणारा माणूस मराठीत एक वाक्य जुळवत उभा होता आणि ते जुळत नव्हतं.

"शिवराम," शेवटी ते म्हणाले. "पेपर मी घरी नेला होता. दुकानात विसरलो. तो माझ्याकडून फुटला. मला माहीत होतं. सगळ्यांसमोर मी विचारलं, किल्ली कोणाकडे असते. तू चहा घेऊन आला होतास. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. मी गप्प बसलो. चाळीस वर्षं."

 सरांनी शिवरामच्या बायकोकडे बघितलं. त्यांना काहीतरी हवं होतं, एखादा शब्द. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"म्या काय बोलू?" ती म्हणाली. "माफ करायचं त्यांच्याकडं व्हतं. ते घिऊन गेले."

मग दहावी बाई बोलली. "त्या वर्षी मी सातवीत होते."

सगळे तिच्याकडे वळले.

"त्याच शाळेत. शिपायाची मुलगी म्हणून आबांनी घातलं होतं. पोरी डबा खाताना उठून लांब बसायच्या. चोराची मुलगी म्हणायच्या. बाई वर्गात विचारायच्या, पेन हरवलंय, कुणी घेतलं, आणि सगळ्या माझ्याकडे बघायच्या. पुढच्या दिवाळीनंतर मी गेलेच नाही. आबा म्हणाले, नको जाऊस." तिने गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला. निळे शर्टांचे तुकडे होते ते. "आता मी शाळांचे गणवेश शिवते."

ती शकुंतला, शिवरामची थोरली मुलगी. सर कधी तिला भेटलेच नव्हते. ते नववी-दहावीला शिकवायचे; ती आहे हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. एका माणसाची माफी मागायला आले होते, आणि ज्याची मागता आली असती असा जिवंत माणूस काकांच्या बोलावण्याने दहावा म्हणून उभा होता.

सर तिच्यासमोर गेले. हात जोडले. "बाई, मी आपली—"

"तुम्ही आबांची मागायला आला होतात ना? ती मागितलीत. माझं मी बघते." आणि ती गठ्ठा घेऊन बाहेर उभ्या असलेल्या टेम्पोकडे निघून गेली.

किप्पूरला सर दिवसभर सिनेगॉगमध्ये होते. संध्याकाळी मी त्यांना आणायला गेले तेव्हा म्हणाले, "दरवाजे बंद झाले. मी आत होतो की बाहेर, कळलं नाही."

चार दिवसांनी मी शिकवणीला गेले, तर टेबलाशी शकुंतला बसलेली. पिशवीतून तिने एक छापील अर्ज काढला. बाहेरून दहावीला बसायचा तो सतरा नंबरचा फॉर्म.

"बाकी विषय मी वाचीन," ती म्हणाली. "गणित मला येत नाही. ते तुम्ही शिकवायचं."

सरांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपण मला माफ—"

"मी असं काही म्हणाले का?"

"नाही."

"मग?"

सरांनी कंपासपेटी काढली.

त्या हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा ती धायरीहून बसने यायची. टेबलाच्या एका टोकाला माझी हिब्रू, दुसऱ्या टोकाला तिची भूमिती, मधे सर. वर्तुळ तिला पटकन समजलं. गळा कापताना रोजच काढते, म्हणायची. प्रमेयं मात्र तिला मुळीच पटत नसत. "दोन्ही कोन सारखे आहेत हे दिसतंय की. सिद्ध कशाला करायचं?" सर म्हणायचे, दिसतं ते पुरत नाही. ती म्हणायची, "हो, ते मला माहितीय." आणि सर पट्टी उचलून पुढची आकृती काढायला घ्यायचे. ती मुद्दाम बोलायची की सहज, मला अजूनही सांगता येणार नाही. त्यांच्यात वैर आहे असं वाटावं असं काही नव्हतं. जिव्हाळा आहे असं म्हणायची सोय नव्हती. ती येताना कधी भाकरी, कधी हरभऱ्याची भाजी आणायची आणि म्हणायची, "जास्त झाली होती."

एकदा ती गेल्यावर मी विचारलं, "सर, तुम्ही तिला परत का विचारत नाही? तीन वेळा विचारायचं असतं ना?"

"एकदा विचारलंय. अर्धवट. अडीच शिल्लक आहेत." मग पट्टी पुसता पुसता म्हणाले, "हिब्रूत प्रश्नाच्या उत्तराला तेशुवा म्हणतात. पश्चात्तापालाही तेशुवाच म्हणतात. मूळ अर्थ परत येणं. मी चाळीस वर्षांपूर्वी एक प्रश्न विचारला. उत्तर म्हणून ही मुलगी आठवड्यातून दोनदा येते. आता आणखी प्रश्न विचारू?"

"पण मग माफी झाली की नाही?"

"आपण फार प्रश्न विचारता," सर म्हणाले. "बाराव्या धड्यातली क्रियापदं लिहा."

मार्चमध्ये तिची परीक्षा झाली. एप्रिलच्या एका दुपारी सरांना छातीत दुखलं. डॉक्टरीणबाईंनी गाडीत घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांच्यात फार वेळ ठेवत नाहीत. सरांची मुलगी इस्रायलहून पोचू शकली नाही. काकांनी फोन उंच धरला आणि तिने तिकडून सगळं पाहिलं.

पुण्याच्या ज्यू दफनभूमीत मी पहिल्यांदाच गेले होते. पूर्वी बायका येत नसत म्हणे. काका म्हणाले, आता मोजून माणसं उरली, कोण कुणाला अडवणार? दफन झालं. ओल्या मातीचा ढीग समोर होता. मग काका आमच्याकडे वळून म्हणाले, "आमच्यात पद्धत आहे. ज्याला सरांची माफी मागायची असेल त्याने आता मागावी."

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. आयुष्यभर या माणसाने आमची मागितली. आम्ही त्यांची मागायची, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दूधवाला म्हणाला, "पाणी घालायचो सर, कधीमधी." सेक्रेटरी पुढे झाले. त्यांना शब्द सापडेनात. "त्या दिवशी धायरीला... मी निघालो होतो. मग वाटलं, कशाला आपण त्यात." ते मागे सरकले. मी काहीतरी पुटपुटले. काय ते मलाच आठवत नाही. हिब्रू होतं की मराठी, तेही नाही.

शकुंतला सगळ्यात शेवटी गेली. मला वाटलं, आता ती ते म्हणेल. इतके महिने मी जे ऐकायची वाट पाहत होते ते. मातीपाशी जाऊन ती उभी राहिली, चप्पल बाजूला काढून.

"सर," ती म्हणाली, "पेपर झाल्यावर तुम्ही फोन केला होता. प्रमेय आलं होतं का विचारलंत. मी म्हटलं, आलं, सोडवलं पूर्ण. तुम्ही इतके खूश झालात." तिने पदर खांद्यावर ओढून घेतला. "नव्हतं सोडवलं. सोडून दिलं. मधेच विसरले. तुम्हाला खोटं सांगितलं."

काका जवळ गेले. मग हळूच म्हणाले, "झालं, ताई?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही जरा पुढे व्हा."

आम्ही फाटकापाशी नळावर गेलो. बाहेर पडण्याआधी तिथे हात धुवायचे असतात. सगळ्यांचे हात धुऊन झाले तरी ती आली नाही. मी वळून पाहिलं. ती मातीशेजारी उकिडवी बसली होती आणि बोलत होती. हातवारे करत होती, एकदा बोटाने मातीत काहीतरी काढलं, एकदा मान जोरात हलवली. भांडत होती की सांगत होती, एवढ्या लांबून कळत नव्हतं. सेक्रेटरी घड्याळ बघून निघून गेले. दूधवाला गेला. काका फाटकाला कुलूप लावायचं म्हणून थांबून राहिले, पण त्यांनी तिला हाक मारली नाही.

अर्ध्या तासाने ती आली. हात धुतले, पदराला पुसले.

मला विचारायचं होतं. शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले होते. पण प्रश्न विचारायची मला त्या क्षणी भीती वाटली.

"धायरीला सोडतेस का गं?" ती म्हणाली. "जूनच्या आत दोन शाळांचे कपडे द्यायचेत."

मी स्कूटर सुरू केली. ती मागे बसली आणि तिने एक हात माझ्या खांद्यावर ठेवला. बोटांना अजून माती होती.